कर्त्याचा क

मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी सात ते नऊ,
मच्छीमार सोसायटीच्या वरच्या मजल्यावर
मी माझ्या आईची भाषा शिकायला जाते.
वय त्रेसष्ट. पोस्टातून निवृत्त.
वहीत चौकटी आखल्यात : कोण, कोणाला, कोणी.
क्रियापद एकच, पण त्याच्या पोटात
देणारा, घेणारा, दिलेली वस्तू,
सगळे दाटीवाटीनं बसलेले.

बास्क भाषेत जो करतो त्याला क लागतो.
नेकाने बाई तो फळ्यावर लाल खडूनं काढतात.
ती आली : क नाही.
तिनं मासे आणले : लगेच क.
नियम मला तोंडपाठ आहे, झोपेत विचारा.
जागेपणी नका विचारू.
जागेपणी मी धक्क्यावर वाक्य जुळवत उभी असते,
आधी कर्ता, मग त्याची शेपटी, मग अनेकवचन,
तोवर माझ्या मागचे दोघं
मासे घेऊन घरी पोचलेले असतात.
शेवटी मी बोट दाखवते.

सालिऊचं तसं नाही.
सालिऊ सेनेगलचा, अकरा वर्षं एकाच बोटीवर.
त्यानं वही कधी घेतलीच नाही.
पहिला शब्द आला तो 'धर',
कारण कुणीतरी दोर फेकला होता.
दुसरा 'सोड'.
मग शिव्या, मग वारे, मग रात्रीचं सूप.
'मी त्याला दिलं' हे आमच्या पुस्तकात
एमान दिओत असं आहे.
तो म्हणतो एमोन दोत्सात,
या बंदरातल्या म्हाताऱ्या म्हणतात तसं,
वारा तोंडात शिरू नये म्हणून ओठ अर्धे मिटून.

एकदा मी त्याला विचारलं,
"तो क कुठं लावायचा, कसं ठरवतोस?"
"कुठला क?"
मी कागदी रुमालावर लिहून दाखवला.
आपल्याच पाठीवरचा तीळ कुणी आरशात दाखवावा
तसा बघत राहिला.
पुढे आठवडाभर क जवळ आला की अडखळायचा.
तांडेल मला म्हणाला,
"एनकार्ना, चांगला माणूस बिघडवलास."

आई अँचोव्हीच्या कारखान्यात होती.
पिंपात मासा, मीठ, मासा, मीठ, वर दगड.
मग सहा महिने कुणी काही करायचं नाही,
मुरायचं ते मुरतं.
दिवसभर तिथं बायका हीच भाषा बोलत
आणि घरी निघताना आई ती
एप्रनबरोबर खुंटीला टांगून येई.
लहानपणी शाळेत या भाषेपायी
तिच्या तळहातावर पट्टी बसली होती.
आम्हा मुलांशी ती स्पॅनिशच बोलली,
लिंगं चुकवत, क्रियापदं मोडत,
पण एकही दिवस न चुकता.

फेब्रुवारीत धक्क्यावर क्रेटची चळत कलली.
मी ओरडले. सालिऊ ओरडला.
तो बास्कमध्ये, "बाजूला!"
मी, दीड वर्ष फी भरून, स्पॅनिशमध्ये.
क्रेट त्याच्या बोटावर आला तेव्हा मात्र
तो वोलोफमध्ये कुणाला तरी हाक मारून बसला.
बोट मोडलं नव्हतं. नख गेलं.
मी बर्फ आणून दिला, घरी आले,
आणि रात्री भांडी घासताना डोक्यात आलं :
ओरडले ती भाषा मी कुठं शिकले?
कुठंच नाही.
एकही तक्ता आठवत नाही,
एकही चूक कुणी लाल केलेली नाही.

गुरुवारी बाईंनी गाळलेल्या जागा दिल्या.
तिसरा प्रश्न : टिंबटिंब एमान दित.
कोणीतरी मला दिलं.
मी लिहिलं अमा. आई.
थांबले.
मग क.
अमाक. आईनं.

काय दिलं, ते पुस्तकात विचारलेलं नव्हतं.
बाईंनी वाकून वही पाहिली,
"बरोबर," म्हणाल्या, "पण हात जरा उचला,
अजून सगळा भूतकाळ व्हायचाय."